चौकट पुसणारा नाटककार

ज्यूल्स फायफरला लिहायची होती कादंबरी. नोव्हेंबर 1963 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली आणि दोनच दिवसांनी संशयित आरोपी ओस्वाल्डला पोलिसांच्या गराड्यात, टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर गोळी घातली गेली. या देशात आता कुणाचा कुणावर वचक उरलेला नाही, हे फायफरच्या मनाने घेतलं. न्यू यॉर्क राज्यात याडो नावाचं लेखक-कलावंतांसाठीचं निवासस्थान आहे. तिथे राहून तो या विषयावर कादंबरी लिहू लागला. ती काही केल्या हलेना. शेवटी त्याने तोच ऐवज उचलून नाटक म्हणून लिहायला घेतला, तेव्हा मात्र तो झरझर उतरला. ते नाटक म्हणजे 'लिटल मर्डर्स'.

सकाळी वही उघडून बसणाऱ्या अनेकांना ही हकिकत ओळखीची वाटेल. विषय हाताशी असतो, माणसं डोळ्यांसमोर असतात, तरी पान पुढे सरकत नाही. आपण स्वतःला बोल लावतो, फार तर विषयाला. आपण निवडलेला साहित्यप्रकारच चुकला असेल, हे सहसा मनात येत नाही. फायफरच्या ते आलं. मला वाटतं, याचं कारण त्याच्या रोजच्या कामात होतं. अमेरिका त्याला ओळखत होती व्यंगचित्रकार म्हणून. 1956 पासून न्यू यॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकात त्याची चित्रमालिका येत होती आणि तिथे तो दर आठवड्याला एक छोटं नाटकच लिहीत होता. फक्त त्याला नाटक म्हणायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

ती मालिका दिसायची कशी? एक माणूस उभा. सहा-आठ चित्रांत तोच माणूस, जवळजवळ त्याच पवित्र्यात. कुठे हात थोडा वर गेलेला, कुठे मान कललेली. चित्रांभोवती बहुधा चौकट नाही, बोलण्याभोवती फुगा नाही. शब्द डोक्याशेजारी नुसते तरंगत असतात. आणि हा माणूस बोलतो. समजा, आपण कसे अजिबात रागावलेलो नाही हे तो समजावून सांगतो आहे. तिसऱ्या चित्रापर्यंत आपल्याला कळतं की हा रागाने फुटायला आलाय, आणि शेवटच्या चित्रापर्यंतसुद्धा त्याला स्वतःला ते कळत नाही. बर्नार्ड नावाचा एक कायमचा दबलेला तरुण, आणि प्रत्येक ऋतूच्या स्वागताला नाचणारी काळ्या पोशाखातली नर्तकी, ही त्याची ठरलेली माणसं. नाचताना ती तेवढी मोकळी. बाकी सगळे जागच्या जागी खिळलेले. आकृती फार हलली तर डोळा तिच्यामागे जाईल आणि वाक्याची लय तुटेल, असा यातला हिशेब होता. आधी बोलणं, मग चित्र. नाटककार याहून वेगळं काय करतो?

चित्र त्याला सोपं कधीच गेलं नाही. पेन्सिलीने काढलेलं कच्चं चित्र जिवंत असायचं आणि शाई फिरवली की मरून जायचं. म्हणून काही वर्षं त्याने शाईत बुडवलेल्या लाकडी काडीने चित्रं काढली. ती थरथरती, तुटक रेघ पुढे त्याची ओळख झाली.

फायफर 1929 मध्ये न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये जन्मला, पोलंडहून आलेल्या ज्यू कुटुंबात. वडिलांना धड काम नसे. आई कपड्यांची डिझाइनं काढून विकायची आणि त्यावर घर चालायचं. खेळात हा ढ. गल्लीतल्या पोरांत मान मिळवायचा तर खडूने रस्त्यावर कॉमिक्समधले नायक काढायचे, एवढाच मार्ग त्याच्याकडे होता. शाळा संपल्यावर तो थेट 'द स्पिरिट' या कॉमिक्सचा जनक विल आयस्नर याच्या ऑफिसात जाऊन धडकला. आयस्नरला त्याच्या चित्रांत काही दिसलं नाही. पण या पोराला आपलं सगळं काम तोंडपाठ आहे हे पाहून त्याने त्याला ठेवून घेतलं. काही काळाने फायफर कुरकुरायला लागला की 'स्पिरिट'च्या गोष्टी पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत. आयस्नर म्हणाला, जमत असेल तर तू लिही. याने लिहिल्या. चित्रकार व्हायला आलेला मुलगा तिथून लेखक होऊन बाहेर पडला, असं म्हटलं तर ते फारसं चुकणार नाही.

मग सक्तीची लष्करभरती आली. दोन वर्षांच्या त्या संतापातून 'मन्रो' ही गोष्ट निघाली. चार वर्षांच्या मुलाला चुकून सैन्यात भरती करतात, आणि आपण चार वर्षांचे आहोत हे तो सांगत असताना एकही अधिकारी ते मान्य करत नाही. पुढे त्यावर निघालेल्या ॲनिमेशनपटाला 1961 मध्ये ऑस्कर मिळालं. पण त्याआधी प्रकाशक दारात उभं करत नव्हते. हस्तलिखित आवडायचं, पण अनोळखी माणसाचं असलं पुस्तक विकायचं कसं? फायफरने हेरलं की हे सगळे संपादक 'व्हिलेज व्हॉइस' वाचतात. तिथे त्याने फुकट काम देऊ केलं, आणि वर्षानुवर्षं फुकटच केलं. हिशेब बरोबर निघाला. 1958 मध्ये मालिकेचं पुस्तक आलं आणि ज्यांनी पूर्वी परत पाठवलं होतं त्यांनाही आता तो हवा होता.

रंगभूमीनेही त्याला असंच हेरलं. 1961 मध्ये शिकागोच्या 'सेकंड सिटी' या नाट्यमंडळीने त्याची चित्रं 'द एक्स्प्लेनर्स' नावाने रंगमंचावर आणली. कागदावरची माणसं नटांच्या तोंडून बोलू लागली आणि प्रेक्षक हसू लागले. पुढच्याच वर्षी दिग्दर्शक माइक निकोल्सने त्याच्या कामावर एक कार्यक्रम बसवला. अशा माणसाला 'लिटल मर्डर्स' लिहिताना नाटकाचं तंत्र वेगळं शिकावं लागलं नसेल.

ते नाटक वाचताना चित्रमालिका त्यात जागोजागी दिसते. न्यू यॉर्कच्या एका फ्लॅटमध्ये राहणारं कुटुंब. बाहेर कुणीतरी सतत गोळ्या झाडतंय, वीज जाते येते, आणि घरातले लोक जेवणाच्या टेबलावर नेहमीसारखे बोलत असतात. मुलीचा होणारा नवरा आल्फ्रेड हा छायाचित्रकार आहे आणि विष्ठेचे फोटो काढतो. गुंड त्याला मारतात तेव्हा तो प्रतिकार करत नाही, गुणगुणत राहतो. मारणारे आपोआप दमतात, हे त्याचं तत्त्वज्ञान. मध्ये एक न्यायाधीश येतो, लांबलचक बोलतो, जातो. लग्न लावायला एक पाद्री येतो, तोही लांबलचक बोलतो. मग एक पोलीस अधिकारी. तिघांचीही भाषणं फायफरच्या चित्रमालिकेच्या मापाची आहेत: माणूस एका जागी उभा राहतो आणि समजावता समजावता उसवत जातो. नाट्यरचनेच्या दृष्टीने हा दोष आहे, असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही. मला मात्र तेच या नाटकाचं बळ वाटतं. कायदा, धर्म आणि पोलीस, तिघंही फक्त बोलतात, आणि खिडकीबाहेर गोळ्या चालूच राहतात. कागदावर माणूस हलत नाही याचं हसू येतं. रंगमंचावर मार खाणारा जिवंत नट हलत नाही, तेव्हा तेच हसू घशात अडकतं. शेवटी घरातले पुरुष खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांवर गोळ्या झाडायला लागतात आणि नाटकात पहिल्यांदा सगळे खरोखर आनंदात दिसतात.

एप्रिल 1967 मध्ये ब्रॉडवेवर हे नाटक आलं आणि सात प्रयोगांत बंद पडलं. त्याच वर्षी लंडनमध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीने ते केलं, तिथे ते गाजलं. 1969 मध्ये ॲलन आर्किनने न्यू यॉर्कच्या 'सर्कल इन द स्क्वेअर'मध्ये ते पुन्हा उभं केलं आणि या वेळी गर्दी झाली. दिग्दर्शक बदलला होता हे खरंच. पण मधल्या 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी दोघेही मारले गेले होते. पहिल्या खेपेला प्रेक्षकांना जी अतिशयोक्ती वाटली असेल ती आता वर्तमानपत्रात छापून आली होती.

साहित्यप्रकार बदलण्याचं हे कौशल्य त्याने पुढेही वापरलं. 'कार्नल नॉलेज' त्याने नाटक म्हणून लिहिलं. निकोल्सने वाचून सांगितलं की हा सिनेमा आहे. फायफरने हट्ट धरला नाही. 1971 च्या त्या चित्रपटात माणसं कितीतरी वेळ जवळपास थेट कॅमेऱ्याकडे बघत बोलतात. पाहताना वाटतं, 'व्हॉइस'मधलं पान पडद्यावर आलंय. 1965 च्या 'द ग्रेट कॉमिक बुक हिरोज' या पुस्तकात त्याने म्हटलं होतं की सुपरमॅन हाच खरा, भित्रा क्लार्क केंट हे त्याने घेतलेलं सोंग आहे. त्याच्या स्वतःच्या पात्रांकडे सोंग तेवढं आहे, खाली सुपरमॅन कुणाच्याच नाही.

1986 मध्ये व्यंगचित्रांसाठी पुलित्झर मिळालं. 1990 मध्ये 'एलियट लव्ह्ज' पडलं आणि तो रंगभूमीकडून मुलांच्या पुस्तकांकडे वळला. 1993 चं 'द मॅन इन द सीलिंग' हे कॉमिक्स काढणाऱ्या आणि सतत हरणाऱ्या जिमी नावाच्या मुलाचं आहे. गंमत अशी की 2017 मध्ये त्याचंच संगीत नाटक झालं, आणि त्याचं लेखन फायफरनेच केलं. पंच्याऐंशीव्या वर्षी, 2014 मध्ये, 'किल माय मदर' ही त्याची गुन्हेगारी चित्रकादंबरी आली. आयस्नरच्या ऑफिसात असताना जी काळोखी, पावसात भिजलेली चित्रं त्याच्या हाताला जमत नव्हती ती त्याने नजर अधू होत असताना काढली. 17 जानेवारी 2025 ला तो गेला, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी. मुलांसाठीची 'अमेझिंग ग्रेप्स' ही चित्रकादंबरी त्याच्या आदल्याच वर्षी निघाली होती.

फायफरचं एकच काही वाचायचं असेल तर 'लिटल मर्डर्स' वाचा. जमल्यास दोघा-तिघांनी मिळून, मोठ्याने. न्यायाधीशाचं भाषण वाचणाऱ्याने मात्र जागचं हलायचं नाही.