पदकाच्या कडेवरचे नाव

सुरतेच्या हिरेबाजारात अँटवर्प हा परदेश मानलाच जात नाही. महिधरपुरा किंवा वराछातल्या व्यापाऱ्याचा कोणी ना कोणी तिथे असतोच. भाऊ, मेहुणा, निदान ऑफिसातला माणूस. त्या अँटवर्पपासून मोटारीने दीड-दोन तासांवर ईपर हे गाव आहे. 1914 च्या ऑक्टोबरात हिंदी पलटणी तिथल्या खंदकांत जाऊन उभ्या राहिल्या, त्याही पुरेसे हिवाळी कपडे नसताना. ईपरच्या मेनिन दरवाजावर 54 हजारांहून अधिक बेपत्ता सैनिकांची नावे कोरली आहेत. त्यांत हिंदी शिपायांचीही नावे सापडतात. मधली जर्मन अमलाची वर्षे सोडली तर 1928 पासून तिथे रोज रात्री आठला बिगूल वाजतो.

तिथून थोडे दक्षिणेला, फ्रान्सच्या हद्दीत, नव्ह शापेल आहे. 28 ऑक्टोबर 1914 रोजी खडकीच्या सॅपर्स-मायनर्सच्या 20 आणि 21 क्रमांकाच्या कंपन्या 47व्या शिखांबरोबर या गावात घुसल्या. पूल बांधणे, सुरुंग लावणे हे ज्यांचे काम, त्यांना पायदळासारखे हल्ल्यावर धाडले होते. घराघरांतून संगिनींची झटापट झाली आणि जवळपास सगळे अधिकारी गमावून या कंपन्या मागे आल्या. खडकीच्या त्या पलटणीत मराठी गावांतली पोरेही होती.

अँटवर्पला गेलेल्याने वाट वाकडी करून हे पाहावे, असे मला जरूर वाटते. पण रणभूमीची सहल हे स्मृती जपण्याचे पहिले साधन नव्हे. आधी घरातल्या कागदांची आणि माणसांची विचारपूस व्हायला हवी. आपण कोणासाठी आलो हे ठाऊक नसलेल्याला नव्ह शापेलात बीटाची शेते आणि एक देखणे स्मारक एवढेच दिसेल. शिवाय सुरतेतला बहुसंख्य मराठी माणूस हिरेवाला नाहीच. तो लिंबायत, उधना, डिंडोलीत राहणारा, यंत्रमागावर नाहीतर प्रोसेस हाउसात राबणारा खानदेशी. बेल्जियमचा व्हिसा त्याच्या हिशेबात बसत नाही. त्याला सांगण्यासारखे काही नसेल तर ही सगळी चर्चा सधनांचा विरंगुळाच ठरेल.

सुरतेत मराठी माणसाला लढाईवरून एकच प्रश्न येतो, तोही थट्टेत: शिवकाळातल्या लुटीचा. जानेवारी 1664 मधल्या त्या दिवसांची तपशीलवार हकीकत आपल्याला कळते, कारण वखारीतल्या इंग्रजांनी आणि डचांनी ती लिहून ठेवली. एस्कॅलियट नावाच्या पाद्र्याचे पत्र तर आजही इतिहासकार वापरतात. त्या वेळचा इंग्रज वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन याची भलीमोठी कबर कतारगामला सरकारी संरक्षणात उभी आहे. ज्याने लिहिले तो राहिला. हा नियम शिवकाळाइतकाच महायुद्धांनाही लागू पडतो.

कूतचे उदाहरण घ्या. डिसेंबर 1915 पासून 147 दिवस तुर्कांनी मेसोपोटेमियातल्या या गावात सहाव्या पूना डिव्हिजनला कोंडले. वेढ्यात 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. धान्य संपत आले तेव्हा घोड्याचे मांस पुढे आले. हिंदी शिपायांनी ते बरेच दिवस नाकारले, आणि त्याची किंमत शरीराने दिली. 29 एप्रिल 1916 ला शरणागती झाली. मग वाळवंटातून चालवत नेलेले कैदी रेल्वेच्या कामावर जुंपले गेले आणि त्यांतले कितीतरी तिथेच संपले. या कैदेचा अनुभव शिशिर सर्वाधिकारी या रुग्णसेवकाने बंगालीत लिहिला. 1957 मध्ये त्याचे पुस्तक झाले. त्याच वेढ्यातल्या मराठी शिपायाला अक्षर येत नव्हते आणि ज्यांना येत होते त्यांनी त्याला विचारले नाही. मेसोपोटेमियात पडलेल्यांच्या बसरा स्मारकाने तर कमाल केली. हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली आणि साध्या शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा टाकला. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने अशा भेदभावाबद्दल 2021 मध्ये माफी मागितली. आपल्या बेपर्वाईबद्दल माफी मागायला आपल्याकडे आयोगही नाही.

‘ते तर इंग्रजांसाठी लढले’ हे उत्तर ठरलेले. खरे आहे. पोटासाठी गेले, जमिनीच्या आशेने गेले, काहींना भरतीवाल्यांनी रेटले. पण म्हणून त्यांना विसरायचे, हे मला पटत नाही. उलट भीतीही वाटते ती या उत्तराच्या विरुद्ध टोकाची: एकदा आठवण काढायची ठरली की प्रत्येकाला वीरपुरुष करून फेटा बांधायचा. कूतमधून परतलेला माणूस उपाशी राहण्याबद्दल बोलला असता. ते ऐकण्याची तयारी हवी.

आणि युद्ध फक्त शिपायाचे नसते. तापीपलीकडच्या रांदेरमधले व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या रंगूनशी व्यवहार करत. डिसेंबर 1941 मध्ये जपानी बाँब पडले आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो हिंदी लोक बोटींनी, नाहीतर जंगलवाटांनी पायी ब्रह्मदेशातून निघाले. रमजानमध्ये रांदेरच्या बाजारात रंगूनी पराठा आणि खावसा खायला सगळी सुरत लोटते. ज्या बायाबापड्या ती वाट तुडवत आल्या, त्यांची हकीकत त्या गर्दीत कोण विचारतो? तोच ब्रह्मदेश पुढे परत घेताना कोल्हापूरकडचे एस. पी. पी. थोरात 1945 च्या कांगावच्या लढाईत पलटणीचे नेतृत्व करत होते. त्यांनी आत्मचरित्र लिहिले, म्हणून ती लढाई आपल्याला त्यांच्या बाजूने वाचता येते. त्यांच्या हाताखालच्या शिपायांच्या बाजूने ती कोणी लिहिली?

इटलीतल्या माँतोने या छोट्या डोंगरी गावाने 2023 मध्ये नाईक यशवंत घाडगे यांच्या नावाची सौरघडी उभारली. रायगड जिल्ह्यातला हा तरुण 10 जुलै 1944 रोजी त्या भागात एकट्याने मशिनगनच्या ठाण्यावर चालून गेला आणि मारला गेला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, म्हणून त्याचे नाव सापडले. दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाख हिंदी सैनिक होते. उरलेल्यांची नावे शोधायची जागा घरातली ट्रंक हीच आहे.

1945 ला अठरा वर्षांचा असलेला शिपाई आज शंभरीला टेकला असेल. तेव्हा आता विचारायचे ते त्याच्या मुलांना, सुनांना. सुरतेतल्या मराठी मंडळांनी गणेशोत्सवातले एक व्याख्यान कमी करावे आणि त्या संध्याकाळी लोकांना घरातले कागद घेऊन बोलवावे: डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, पलटणीचा फोटो. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे. रांदेरच्या शेजाऱ्यांनाही आमंत्रण द्यावे.

आणि एक विनंती. पहिल्या महायुद्धाचे चांदीचे गोल पदक घरात असेल तर त्याची कड उजेडात धरून पाहा. तिथे बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवलेली असते. अशी पदके अडीअडचणीला सोनाराकडे मोडली जातात. मोडायचेच असेल तर मोडा, पण आधी तो मजकूर उतरवून घ्या.