पराक्रमाचा हिसाब

माणूस मोठा झाला, असे आपण केव्हा म्हणतो? वय, पैसा, हुद्दा यांनी मोठे होणे मोजता येते. सब्र, इन्साफ आणि रहम यांत कोण किती वाढला, हे मोजायला आपल्याजवळ माप नाही. कथाकारांपुढे ही अडचण फार जुनी आहे. अलीकडच्या कल्पनारम्य कादंबरीने तिच्यावर एक सोपा तोडगा काढला आहे. नायकाची वाढ ती सरळ आकड्यात सांगते. नायक शत्रूला मारतो, गुण साठवतो, एकेक पातळी वर चढतो. आणि आपले बळ, चपळाई, बुद्धी किती झाली हे त्याला हवेत लिहिलेले दिसते. आपली मुले हे सारे मोबाइलवर वाचतात, त्यावरच्या चित्रमालिका पाहतात. त्याला पोरखेळ म्हणून बाजूला सारता येईल. पण या आकड्यांच्या मागे एक नैतिक प्रश्न उभा आहे, आणि तो आपल्यालाही टाळता येणारा नाही.

ही रीत कादंबरीत खेळातून आली. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. त्यात प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो, आणि अनुभवाचे गुण जमले की ते पात्र वरच्या पातळीवर जाते. हे गुण कशाबद्दल द्यायचे, हे अर्थात खेळ रचणारा ठरवतो. आरंभीच्या नियमांत राक्षस मारण्याला गुण होतेच. पण भुयारातून सोने बाहेर आणले तर दर नाण्यामागे एक गुण मिळे. परिणाम असा झाला की शहाणा खेळाडू लढाई टाळून, लपतछपत खजिना पळवू लागला. पुढच्या आवृत्त्यांत सोन्याचे गुण मागे पडले, शत्रूला हरवण्याचे गुण पुढे आले, तेव्हा तोच खेळाडू लढाई शोधत हिंडू लागला. माणूस तोच, भुयारही तेच. बदलली ती फक्त वहीतली नोंद. ज्याची नोंद होते, त्याच दिशेने माणसाचे शील वळते.

म्हणून गुणांची ही पद्धत रचणारा लेखक केवळ हिशेबनीस नसतो. कशाला गुण द्यायचे हे ठरवताना तो नकळत एक धर्मशास्त्रच लिहीत असतो.

कोरियन लेखक चुगोंग यांची ‘सोलो लेव्हलिंग’ ही कादंबरी २०१६ पासून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचा नायक सुंग जिन-वू हा सर्वांत खालच्या श्रेणीचा शिकारी आहे. आई कधीही न उठणाऱ्या झोपेच्या आजारात पडलेली. तिच्या इलाजासाठी तो जीव धोक्यात घालतो. त्या जगात प्रत्येक शिकाऱ्याचे बळ एकदाच ठरते, पुढे वाढत नाही. फक्त याला एक अदृश्य ‘व्यवस्था’ भेटते आणि रोजचा व्यायाम नेमून देते: शंभर जोर, शंभर बैठका, दहा किलोमीटर धावणे. चुकला तर शिक्षा, केला तर बक्षीस.

या कथेची मोहिनी आपण समजून घेतली पाहिजे. ‘तिलिस्मे होशरुबा’ १८८३ पासून लखनौच्या नवल किशोर छापखान्यातून निघू लागली. तिच्यात तिलिस्म कोण तोडणार हे आधीच लिहून ठेवलेले असते, आणि तो मान अमीर हमजाचा नातू असद याचा असतो. उंट हाकणाऱ्याचा मुलगा अमर अय्यार हजार युक्त्या लढवील, जादूगारांना जेरीस आणील. पण तिलिस्मकुशा होणे त्याच्या नशिबी नाही. जिथे नशीब घराण्यावरून ठरते, तिथे ‘जोर काढ, बळ वाढेल’ असा साधा करार गरीब मुलाला इन्साफ वाटला तर नवल काय? घाम गाळूनही ज्याच्या पदरी काही पडलेले नाही, त्याला निदान कथेत तरी घामाची पावती मिळते. अमेरिकन कादंबरीकार ब्रँडन सँडरसन यांनी २००७ साली मांडलेला नियमही या करारापासून दूर नाही. वाचकाला जादूचे नियम जितके नीट समजलेले असतील, तितकाच त्या जादूने पेच सोडवण्याचा हक्क लेखकाला मिळतो, असे ते म्हणतात. यात वाचकाशी इमान आहे.

पण त्याच जिन-वूच्या वाट्याला एक प्रसंग येतो. काही शिकारी दगा देऊन त्याला मरायला सोडतात आणि मग त्याच्या जिवावर उठतात. तेव्हा ‘व्यवस्था’ त्याला हुकूम देते की या माणसांना मार, नाहीतर तुझेच काळीज थांबेल. तो त्यांना मारतो आणि बक्षीस घेतो. जीव वाचवण्यासाठी केलेला प्रतिकार आपण समजू शकतो. मनाला टोचते ते बक्षीस. राक्षसाच्या मरणाची आणि माणसाच्या मरणाची नोंद एकाच वहीत, एकाच शाईने होते. पश्चात्तापाचा रकाना त्या वहीत नाही. सोडून दिलेल्या शत्रूचा गुण नाही, आईच्या उशाशी बसलेल्या रात्रीचाही नाही.

यावर कोणी म्हणेल, हिसाब तर आपल्याही दीनमध्ये आहे. किरामन कातिबीन प्रत्येक अमल लिहून ठेवतात, कयामतला मीझान उभी राहते. खरे आहे. पण दोन हिसाबांतला फरक मोठा आहे. आपल्या वहीत नियतही लिहिली जाते. आणि ती वही जिवंतपणी आपल्याला दाखवली जात नाही. आपली बेरीज किती झाली हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे नेक माणूस धास्तावलेला राहतो, आणि गुन्हेगारालाही उमेद राहते. ज्याला आपली नेकी आकड्यात दिसू लागली, त्याची नेकी त्या आकड्यासाठीच होऊ लागते. हदीसमध्ये रियाला छोटा शिर्क म्हटले आहे, ते उगाच नाही.

सूफींनीही पायऱ्या मांडल्या. अकराव्या शतकातील अल-कुशैरी यांनी मकाम आणि हाल यांत भेद केला: मकाम कष्टाने कमवावा लागतो, हाल ही अल्लाहची देणगी असते. म्हणजे जिना आहे, पण प्रत्येक पायरी चढणाऱ्याच्या मालकीची नाही. बाराव्या शतकात अत्तार यांनी ‘मन्तिकुत्तैर’मध्ये पाखरांना तलबपासून फनापर्यंत सात खोऱ्यांतून नेले. तिथे प्रत्येक खोऱ्यात पाखराजवळचे काहीतरी गळून पडते. अखेर पोचतात ती तीस पाखरे, आणि ज्याला शोधत ती निघाली तो सीमुर्ग म्हणजे फारसीत ‘तीस पाखरे’च. पुढे जाणे म्हणजे कमी होत जाणे, असा हा उलटा जिना आहे. अमेरिकेच्या उर्सुला ले ग्विन यांनी १९६८ सालच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’मध्ये वेगळ्या वाटेने याच्या जवळ येणारी गोष्ट सांगितली. त्यांचा तरुण जादूगार गेड गर्वाने एक काळी छाया जगात ओढून आणतो. तिला तो बळाने जिंकत नाही. तिला स्वतःच्याच नावाने हाक मारतो, आणि तिथे लढाई संपते.

आकडे टाकून द्या, असे आम्ही लेखकाला सांगणार नाही. आम्ही शिक्षकही दरवर्षी गुणपत्रिका भरतो, आणि आकड्याने एखाद्या मुलीचे घराबाहेरचे शिक्षण कसे वाचते हे पाहतो. आमचे मागणे एवढेच आहे की वही रचणाऱ्याने तिच्यात काय मावत नाही हे ओळखावे, आणि नायकालाही एकदा तरी ते दिसू द्यावे. शंभर पातळ्या चढलेला नायक ज्या कामाचा एकही गुण मिळणार नाही असे काम करायला खाली वाकला, तर ते मुलांच्या ध्यानात राहील. त्या वाकण्याचा हिसाब ठेवणारा वेगळा आहे.