पिकअप आणि उचल

लोणावळ्याला खेटून असलेल्या कुसगावात कुणी इंग्रजी क्रियापदांचा तक्ता पाठ केलेला नाही, पण ‘पिकअप’ या शब्दाचे निम्मेअधिक अर्थ तिथे रोज वापरात असतात. भाजीचे क्रेट आणणारी ती पिकअप. एसटीची वाट बघत लोक बसतात ती पिकअप शेड, बोलताना ‘पिकपशेड’. बोरघाट चढून आलेला ड्रायव्हर चहाच्या टपरीवर कुरकुरतो, “गाडीला पिकअपच राहिला नाही.” पावसाळी शनिवार-रविवारी पर्यटक लोटले की धंदा पिकअप घेतो. गावातल्याच ‘सिंहगड’ संस्थेच्या कॉलेजातलं पोरगं वैतागतं, “घरचे फोन पिकअप करत नाहीत.”

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवलं जातं. क्रियापदामागे ‘अप’ लागलं की अर्थ कसा पालटतो, हे पुढे मुलं घोकतात. बोलणाऱ्यांनी ती फोड केलीच नाही. अख्खा शब्द घेतला आणि त्याचं नाम करून टाकलं. गाडी म्हणून ती पिकअप, इंजिनाचा जोर म्हणून तो पिकअप. क्रियापदाची गरज पडली तर करणे, घेणे आहेतच.

आपल्या ‘उचलणे’चा संसार याहून जुना आणि मोठा. विडा उचलतात, तळी उचलतात, पोलीस संशयिताला उचलतात, विचार न करता बोलणाऱ्याची उचलली जीभ टाळ्याला लागते. बीडकडचा ऊसतोड मजूर हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतो आणि ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. यांतल्या एकाही ठिकाणी पिकअप बसत नाही. जबाबदारी कुणी पिकअप करत नाही. मावळातला पाऊससुद्धा पिकअप घेत नाही, तो जोर धरतो.

म्हणजे कामाची वाटणी आपसूक झालेली आहे. यंत्र, वाहतूक, धंदा यांच्यासोबत आलेला शब्द त्यांच्याच कामाला लागला. जिथे ओझं आहे, शब्द देणं आहे, तिथे जुनं क्रियापद हललेलं नाही. त्यामुळे परक्या शब्दांची मला सरसकट धास्ती वाटत नाही.

खटकतं ते एकाच जागी. एक्स्प्रेस-वेवर उतरणाऱ्या पाहुण्याला पूर्वी “न्यायला येतो” म्हणत. आता “पिकअप करतो” म्हणतात. पिकअपमध्ये माणूस गाडीत बसला की काम संपलं. ‘न्यायला येणं’ घरापर्यंत पोचवतं. सासरच्या लेकीला माहेरी आणायला जाणाऱ्याला तर मराठीने मुराळी असं स्वतंत्र नाव दिलं, कारण ती वाहतूक नव्हती, नातं होतं. गाडीला, शेडला, इंजिनाला पिकअप खुशाल म्हणावं. माणसाला मात्र न्यायला जावं आणि तसंच म्हणावं.