नंबर लावणं, नंबर लागणं

मराठीत नंबर लावता येतो आणि नंबर लागतो. लावणं आपल्या हातातलं, लागणं नाही. या दोन क्रियापदांच्या मधे किती वेळ जाऊ शकतो, हे गरोदर बाईइतकं नेमानं कुणी मोजत नसेल. सातव्या महिन्यापर्यंत महिन्यातून एकदा, मग पंधरा दिवसांनी, शेवटी दर आठवड्याला. हे वेळापत्रक ब्रिटनच्या आरोग्य मंत्रालयानं 1929 साली एका पत्रकात घालून दिलं आणि थोड्याफार फरकानं अजून चालतं आहे. तपासणी दहा मिनिटांची: वजन, बीपी, पोटावर हात, बाळाचे ठोके, गोळ्यांची चिठ्ठी. बसणं तीन-चार तासांचं.

पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजानं मी सातव्यात पुण्याहून कुंडलला आले. तपासणीला अर्ध्या-पाऊण तासावरच्या एका खासगी हॉस्पिटलात जायचे. सकाळी सातला भाऊ फोन करून नंबर लावायचा, अकरापर्यंत आई आणि मी पोचायचो, आणि नंबर दोन-अडीचला लागायचा. तिथं वेळ कसा काढायचा याचं शास्त्र बायकांनी जमवलेलं आहे. पंख्याखालचा बाक धरायचा, पण दाराजवळचा नको. दार उघडलं की सगळी गर्दी तिथंच येऊन उभी राहते. पिशवीत भडंग, केळी, पाण्याची बाटली. पायाला मुंग्या आल्या की जिन्यापर्यंत एक चक्कर. फाईल हातातच. आणि आईचं नेहमीचं वाक्य: "बस की निवांत. घरी जाऊन तरी काय करणार हाईस?"

हे वाक्य मला फार दिवस पुरलं. कारण बाकावरच्या त्या तासांना फुकट ठरवणारं सगळं तत्त्वज्ञान त्यात आहे. गरोदर बाईचा वेळ रिकामा असतो. ती तशीही नऊ महिने वाटच बघते आहे, त्यात आणखी तीन तासांनी काय बिघडतं? पण माझ्या शेजारी नेहमी बसायची ती द्राक्षबागेत मजुरीला जाणारी होती. तिचा तपासणीचा दिवस म्हणजे खाडा, आणि सोबत आलेल्या सासूचाही खाडा. 1928 साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतिरजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलं होतं, की बाळंतपणाआधी बाईला विश्रांती मिळणं ही देशाच्या हिताची गोष्ट आहे आणि तिचा बराचसा भार सरकारनं उचलला पाहिजे. 1929 मध्ये कायदा झाला, तो कारखान्यातल्या बायकांपुरता. आज पंतप्रधान मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5000 रुपये मिळतात आणि त्यासाठी नोंदणी न्‌ तपासणी झालेली लागते. त्या तपासणीपायी किती खाडे पडले याची नोंद मात्र कुठल्याच फॉर्मवर नसते.

तरीही मला प्रश्न पडायचा तो हा, की यात अन्याय नेमका कुठं आहे? वाट बघायला लावणं मुळातच वाईट म्हणता येत नाही. तसं असतं तर पुंडलिकाला आपण डोक्यावर घेतलं नसतं. दारात देव आला आणि आईबापाचे पाय चेपणारा हा माणूस उठला नाही. वीट फेकली, थांब म्हणाला. देव थांबला, अजून थांबलाय. त्या कथेत दोन बारीक गोष्टी आहेत. थांबावं का लागतंय हे देवाला समोर दिसत होतं. आणि उभं राहायला पुंडलिकानं काहीतरी दिलं होतं. वीट का असेना.

बाळंतपणाच्या दवाखान्यात अशी कारणं रोजच असतात. ऐन ओपीडीत मॅडम उठून लेबर रूमकडं पळतात. त्याबद्दल बाकावर कुणी कुरकुरल्याचं मी ऐकलं नाही. उद्या आपल्या वेळी मॅडम अशाच उठणार आहेत, दुसरीला बसवून ठेवून, हे प्रत्येकीला कळत असतं. हे कर्ज फिरतं आहे आणि तोवर न्याय्यही आहे.

म्हणजे नुसती लांबी हा गुन्हा नाही. मला हे शुगरच्या तपासणीत पटलं. 75 ग्रॅम ग्लुकोजचं ते गोड-कचकचीत पाणी पाच-दहा मिनिटांत संपवायचं, आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. ते दोन तास मी मजेत काढले. पुस्तकाची पंचवीस पानं झाली, एक डुलकी झाली. तोच बाक, तोच पंखा, तेवढेच तास. फरक इतकाच की ते कशासाठी आणि कधी संपणार हे मला माहीत होतं. याच्या उलट सोनोग्राफीची गंमत. लघवी तुंबवून या म्हणतात, म्हणून बायका बाटल्याच्या बाटल्या पाणी पितात. तेवढ्यात मॅडम सिझरला जातात, कुणी काही सांगत नाही, आणि एकेक जण तोंड दाबून बसते. शेवटी असह्य होऊन जी उठून जाऊन येते, तिचा नंबर नेमका तेव्हा लागतो. मग पुन्हा पाणी, पुन्हा बाक. गंमत म्हटलं खरं, पण हे बघताना मला हसू येत नसे.

असं का होतं याचं उत्तर डॉक्टरांच्या स्वभावात शोधण्यात अर्थ नाही. 1952 साली वेल्च आणि नॉर्मन बेली या दोघांनी 'लॅन्सेट'मध्ये इंग्लंडच्या हॉस्पिटलांतल्या ओपीडीचं गणित मांडलं. बेली संख्याशास्त्रज्ञ. त्यांचं म्हणणं साधं होतं: सगळ्यांना एकाच वेळी बोलावलं की डॉक्टर क्षणभरही रिकामा बसत नाही, पण त्याच्या त्या मिनिटांची किंमत रुग्ण तासांनी मोजतात. त्यांनी उपायही सुचवला. सुरुवातीला दोघांना बोलवा, आणि पुढच्या प्रत्येकाला सरासरी तपासणीला लागतो तेवढ्या अंतरानं. सत्तर वर्षं होऊन गेली. आपल्याकडं अजून 'अकरापर्यंत या' हीच वेळ सगळ्यांची. सरकारी बाजूला तर चांगल्या हेतूतूनच गर्दी जन्मते. 2016 पासून सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत मोफत तपासणी असते, खासगी डॉक्टरही सेवा द्यायला येतात. एरवी तज्ज्ञ डॉक्टर डोळ्यांनी न दिसणाऱ्या बाईला या दिवसाचं मोल फार आहे. पण दिवस एक ठरला की पंचक्रोशी त्याच दिवशी येणार. एकीच्या वेळेची किंमत मोजायची आणि शंभरजणींच्या वेळेची नाही, हा निर्णय कुणी वाईट माणसानं घेतलेला नसतो. तो कुणीच घेतलेला नसतो, म्हणून त्याच्याशी भांडायला माणूस सापडत नाही.

मग उरते सहनशीलता. बाकावर तिची फार तारीफ होते. "बाईच्या जातीला धीर पायजे." कुंडलच्या लेकीनं हे मान डोलवून ऐकावं, ही जरा मजेची गोष्ट आहे. 1943 नंतर याच गावातनं प्रतिसरकार चाललं. इंग्रजांच्या कोर्टात तारखा मोजण्यापेक्षा गावातच न्यायदान मंडळं बसवून लोकांनी निवाडे करून घेतले. धीराची व्याख्या तेव्हा निराळी असावी. असो.

धीर हा सद्‌गुण केव्हा, तर न धरण्याची मोकळीक असते तेव्हा. उठून जाता येत नाही म्हणून बसलेल्या माणसाला धीराचं प्रशस्तिपत्र देणं ही नुसती सोय झाली, आणि ती देणाऱ्याची. आठव्या महिन्यातली एक मुलगी मला यासाठी आठवते. वय असेल वीस. चेहरा सुजलेला, ओढणी कपाळाला घट्ट बांधलेली. ती सासूला हळू म्हणाली, डोकं ठणकतंय, डोळ्यापुढं अंधारी येतीय. सासू काही वाईट नव्हती. म्हणाली, नंबर आला की मॅडमना सांग. नंबर 31 होता, आत 14 चालू होता. मुलगी गप्प बसली. त्या दिवशी सगळ्यांत शहाण्यासारखी वागत होती ती तीच. समोरच्या बाकावर सुनेला घेऊन आलेल्या एक म्हाताऱ्या मावशी होत्या. त्यांच्या कानावर हे गेलं. त्या उठल्या, मुलीचा हात धरून सिस्टरपाशी घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "आधी हिचं बीपी बगा, नंबर ऱ्हाऊ द्या." बीपी 170 वर 110 भरलं. पुढचं सगळं भराभर झालं: इंजेक्शन, 108 ची गाडी, मिरज. पंधरा दिवसांनी सिस्टरकडून कळलं, मुलगा झाला, वजनाला कमी, पण दोघं बरी आहेत.

बाळंतपणातले मृत्यू का होतात यावर सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी 1994 साली तीन विलंबांची मांडणी केली. दवाखान्यात जायचं ठरवायला होणारा उशीर, तिथं पोचायला होणारा उशीर, आणि पोचल्यावर उपचार मिळायला होणारा उशीर. पहिल्या दोन्हींवर आपण खूप बोलतो: अडाणीपणा, रस्ते, गाड्या. ही मुलगी ठरवूनही आली होती आणि पोचलीही होती. तिसरा उशीर तिनं अदबीनं सोसायला घेतला होता.

नंबराविरुद्ध मी नाही. नंबर आंधळा असतो हे त्याचं मोठेपण आहे. कुणा पुढाऱ्याचा फोन आला आणि मागून आलेली सून थेट आत गेली, असं घडलं की बाकावर जी शांतता पसरते ती ज्यानं अनुभवली आहे त्याला नंबराची किंमत कळते. पण त्याच आंधळेपणाला बीपी दिसत नाही. दारातच एक सिस्टर बसवून आलेल्या प्रत्येकीचं बीपी मोजलं आणि दुखतंय-खुपतंय विचारलं, तर दर बाईमागं दोन मिनिटं जातील. तेवढं करून मग खुशाल नंबरानं बोलवावं.

बाकावरच्या बायका आपापसात जो न्याय करतात तोही सोपा नसतो. द्राक्षबागेतल्या त्या शेजारणीला एकदा तीनची एसटी गाठायची होती. माझा नंबर 22, तिचा 27. म्हणाली, "ताई, मला पुढं जाऊ द्याल का?" हो म्हणणं अगदी तोंडावर आलं होतं. पण मी तिला माझ्यापुढं घेतलं असतं तर 22 पासून 26 पर्यंत सगळ्या दहा-दहा मिनिटं मागं गेल्या असत्या. चांगुलपणा माझा, पैसे पाचजणींच्या खिशातून. त्यापेक्षा फाईलींची अदलाबदल करायची, ती 22, मी 27. मग झीज फक्त माझी. आईला हे पटलं नाही. तिचं म्हणणं, "तुजं पाय बघ किती सुजल्यात, आणि पोटातल्याला इचारलंस का?" याला मजजवळ उत्तर नव्हतं आणि अजून नाही. मी माझा वेळ दिला म्हणताना तो पुरता माझा होता का? अदलाबदल केली. आई परतीच्या वाटेवर किर्लोस्करवाडी मागं पडेपर्यंत बोलली नाही.

नवव्या महिन्यातल्या एका खेपेला, बहुतेक कुणीतरी आत जाऊन भांडल्यामुळं, काउंटरवरची मुलगी उठून उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "मॅडम सिझरला गेल्यात. दीड तास तरी लागंल. पंचवीसच्या पुढच्या जेवून या." तेवढंच. मॅडम काही लवकर आल्या नाहीत, उलट पावणेदोन तास लागले. पण अर्धा बाक उठला. कुणी डबा उघडला, कुणी पोराला फोन लावला, दोघी आडव्या झाल्या. आईनं चपला शोधल्या आणि म्हणाली, "चल, बाजारात लसूण काय भावानं हाय बगून येऊ."