सुटी तिची, पाहुणे आपण

11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियामध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. त्या समारंभाला त्यांची आपली माणसं कोण होती, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. पती गोपाळराव होते; टपाल खात्यातली नोकरी सोडून ते आदल्या वर्षी अमेरिकेत पोहोचले होते. आणि पंडिता रमाबाई होत्या. रमाबाई तेव्हा इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमला होत्या. कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांचं बोलावणं आलं, तशा छोट्या लेकीला, मनोरमेला, बरोबर घेऊन त्यांनी हिवाळ्यात अटलांटिक ओलांडला. आनंदीबाईंशी त्यांचं लांबचं नातंही होतं.

परदेशी शिकणाऱ्या मराठी मुलीकडे घरची माणसं आली, याची मला माहीत असलेली ही सर्वांत जुनी हकिगत. आनंदीबाईंचा जन्म पुण्याचा आणि अखेरचा श्वासही पुण्यातलाच. आज त्याच पुण्यात नोव्हेंबर उजाडला की कोथरूडपासून बाणेरपर्यंत शेकडो घरांत हीच गडबड सुरू असते. मुलगी मँचेस्टरला असते, मुलगा म्युनिकला किंवा टेक्ससमध्ये. नाताळच्या सुट्टीत आईवडील तिकडे निघालेले असतात. व्हिसा, प्रवासविमा, थर्मल, मुंबई विमानतळापर्यंतची गाडी, या सगळ्यावर भरपूर चर्चा होते. तिथे पोहोचल्यावर यजमान कोण आणि पाहुणा कोण, हा विषय मात्र कुणी काढत नाही. माझ्या मते भेटीचं सारं सुख आणि सारी कुरबूर याच एका प्रश्नावर ठरते.

गोपाळरावांचंच पाहा. बायकोला शिकवायचं या ध्यासापायी त्यांनी जन्मभर लोकांचे बोल खाल्ले, हे खरं आहे. शिकवताना केलेली मारहाण, धाकदपटशा, याची नोंद खुद्द आनंदीबाईंच्या पत्रात आहे, हेही तितकंच खरं. 1883 च्या जूनमध्ये त्या एकट्या न्यूयॉर्कला उतरल्या. पुढची दोन वर्षं त्यांनी परक्या थंडीत, परक्या भाषेत, शाकाहार आणि साडी सांभाळून स्वतःचं एक आयुष्य उभं केलं. तिथे त्यांची प्राध्यापक मंडळी होती, मैत्रिणी होत्या, लोकांमध्ये एक पत होती. त्या आयुष्यात गोपाळराव आले ते पाहुणे म्हणून आलेच नाहीत. आल्या आल्या त्यांनी व्याख्यानं द्यायला, अमेरिकन समाजावर आणि मिशनऱ्यांवर कडाडून टीका करायला सुरुवात केली. त्यांच्या टीकेत तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण ती टीका ज्यांच्यासमोर चालली होती, त्यांच्या जिव्हाळ्यावर गोपाळरावांची पत्नी तिथे उभी होती. शेवटचं वर्ष, परीक्षा, ढासळती प्रकृती, आणि त्यात नवऱ्याच्या बोलण्याने दुखावलेल्या माणसांना सांभाळणं. आनंदीबाईंच्या त्या दिवसांचा विचार केला की जीव कासावीस होतो.

त्यांच्या खऱ्या सुट्ट्या गेल्या त्या न्यू जर्सीतल्या रोझेल गावी, थिओडोशिया कार्पेंटर यांच्या घरी. या बाईंनी दंतवैद्याकडे बसलेल्या असताना एका मिशनरी मासिकात गोपाळरावांचा पत्रव्यवहार वाचला आणि आनंदीबाईंना पत्र लिहिलं. त्या पत्रातून मावशी-भाचीचं नातं जुळलं. पहिला उन्हाळा आनंदीबाईंनी रोझेलमध्येच काढला. तिथे त्यांनी आपल्याकडचा स्वयंपाक करून मंडळींना जेवू घातलं. अठरा वर्षांची मुलगी, परक्या घरात आश्रयाला आलेली. पण त्या दिवशी वाढणारी ती होती आणि जेवणारे ते होते. कार्पेंटर मावशींनी तिला हा मान दिला, यात मला त्यांचं मोठेपण दिसतं. 26 फेब्रुवारी 1887 ला आनंदीबाई गेल्यावर गोपाळरावांनी त्यांची रक्षा या मावशींकडेच पाठवली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवली गेली. आपल्या घराबाहेर पत्नीचं आणखी एक घर होतं, हे गोपाळरावांनी त्या वेळी तरी ओळखलं असावं.

रमाबाईंचं येणं आणखी वेगळं होतं. त्या आल्या, पदवीदान पाहिलं, आणि आनंदीबाईंच्या यशाचा साक्षीदार होण्यापलीकडे त्यांच्याकडून काही मागितलं नाही. पुढे 1887 मध्ये फिलाडेल्फियात रमाबाईंचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. ते त्यांनी आपल्या आईच्या स्मृतीला अर्पण केलं असलं, तरी त्याला प्रस्तावना त्यांना बोलावणं धाडणाऱ्या बॉडलीबाईंची आहे. भेटीला आलेल्या माणसाने भेटीतून काय घेऊन जावं, याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडत नाही.

आता आजच्या डिसेंबरात येऊ. माझी मुलगी एडिंबरोला शिकत होती तेव्हा आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. त्या दिवसांत तिथे चार वाजायच्या आत सूर्य मावळतो, आणि नाताळच्या दिवशी ब्रिटनभर रेल्वेगाड्या बंद असतात. बाहेर हिंडण्याचे बेत आपोआपच आखूड होतात. उरतं ते स्वयंपाकघर. तेही तिचं एकटीचं नव्हे. मजल्यावरच्या मुलामुलींचं सामायिक. फ्रिजमधला एक कप्पा तिचा, त्यावर नावाची चिकटपट्टी. कपाटातल्या एका फळीवर तिचा कुकर, तिची हिंगाची डबी आणि आम्ही कधी न पाहिलेली एक बिडाची कढई. वरणाला फोडणी द्यायची वेळ आली तेव्हा तिने आधी दार घट्ट लावलं, खिडकी उघडली, मग तेल तापत ठेवलं. कॉरिडॉरमध्ये धूर गेला तर अलार्म वाजतो आणि अख्खी इमारत थंडीत रस्त्यावर येऊन उभी राहते, हे तिने आम्हाला समजावून सांगितलं. तिचे बाबा भांडी घासायला उठले, तर म्हणाली, ''बाबा, तू बस. इथे प्रत्येकाचा स्पंज वेगळा असतो, तुला कळायचं नाही.'' बाबा बसले. त्या बसण्यात काही गमावल्याची भावना नव्हती. आपल्या मुलीच्या घरी आपण जेवायला आलो आहोत, हे त्यांना आवडलं होतं आणि ते चेहऱ्यावर दिसत होतं.

हे प्रत्येक घरी इतक्या सहज होत नाही, आणि त्याचं कारण प्रेम कमी असतं हे नक्कीच नाही. प्रेम जास्त असतं, आणि ते प्रेम करण्याची एकच रीत आपल्याला ठाऊक असते. पुण्याहून निघताना बॅगेत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कुकरची रिंग, बाकरवडीची पाकिटं भरली जातात. दूध-खव्याच्या पदार्थांना ब्रिटनमध्ये मनाई असल्यामुळे पेढे मागे राहतात, याची हळहळ विमानात बसेपर्यंत चालते. तिथे पोहोचल्यावर मूल म्हणतं, ''आई, इथे सगळं मिळतं गं.'' आईला ते लागतं. पण मुलाला म्हणायचं असतं की मी इथे संसार मांडलाय, दुकानं शोधलीत, महिन्याचे पैसे पुरवतोय, ते जरा बघ ना. ज्या मुलाला पुण्यात असताना घरातला गॅस सिलिंडर कधी संपतो हे माहीत नसायचं, ते घरभाड्याचा करार वाचून सही करतं. ही केवढी मोठी गोष्ट आहे! ती पाहायला आपण एवढा प्रवास केलेला असतो आणि नेमकी तीच पाहायची राहते, कारण आल्या दिवसापासून आपण त्याची खोली आवरायला घेतो.

दुसरी अडचण सुट्टीचीच. आपल्या डोक्यात सुट्टी म्हणजे पूर्ण मोकळीक. अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर असलेल्या मुलांना सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं. सुट्टीत पूर्ण वेळ काम करायची मुभा असते. म्हणजे चार पैसे गाठीला बांधायचे दिवस हेच. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या संशोधक विद्यार्थ्याला तर नाताळातही पेशी, नमुने, यंत्रं सांभाळायला जावं लागतं. आईवडील आले की मूल हे सगळं बाजूला ठेवून नायगारा, पॅरिस, स्वित्झर्लंड असा दौरा आखतं. आईवडिलांना वाटतं, त्याची हौस आहे. त्याला वाटतं, एवढा खर्च करून आलेत तर दाखवायला हवं. दोन्हीकडची माणसं दमतात आणि कुणीच बोलत नाही. माझं स्पष्ट मत आहे की अशा भेटीतला निदान अर्धा वेळ मुलाच्या गावातच, त्याच्या रोजच्या वाटांवर घालवावा. त्याचं ग्रंथालय, त्याची बस, तो आजारी पडला तेव्हा ज्याने त्याला सूप आणून दिलं तो मित्र, यांना भेटून यावं. नायगारा सहलकंपनीबरोबरही पाहता येतो. मुलाच्या मित्राला भेटायचं तर ते मूलच भेटवू शकतं.

अर्थात, ही भेट म्हणजे सुस्थितीतल्या घरांचं सुख आहे, हे विसरून चालणार नाही. 1913 मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. तीन वर्षं न्यूयॉर्क, त्यानंतर लंडन. इकडे मुंबईत त्यांच्या पत्नी रमाबाई ओढगस्तीत घर चालवत होत्या. कुणी भेटायला जाण्याची कल्पनाही शक्य नव्हती. साठ-सत्तरच्या दशकात पुण्याहून अमेरिकेला गेलेल्या पिढीच्या खिशात परकीय चलनाच्या बंधनांमुळे जेमतेम आठ डॉलर असायचे. त्यांच्या आईवडिलांनी मुलाचं विद्यापीठ पाहिलं ते पाकिटातून आलेल्या छायाचित्रात. आजही राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर गेलेल्या मुलाच्या विमानाची सोय होते, पण शेतमजुरी करणारे त्याचे आईवडील डिसेंबरात लंडनला कसे जाणार? अशा मुलांच्या सुट्ट्या कुणीतरी परक्याने आपल्या मानल्या तरच निभतात. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आहे. अशा मंडळांच्या दिवाळीत एका ताटावर बसलेल्या विद्यार्थ्याला किती आधार मिळतो, हे तिथे जेवलेल्या माणसालाच विचारावं. रोझेलच्या मावशींचं काम अजून संपलेलं नाही.

आणि इथे पुण्याने स्वतःकडेही पाहायला हवं. आपल्या मुलांचं परदेश जसं एडिंबरो किंवा टेक्सस, तसं हजारो मुलांचं परदेश म्हणजे पुणं. सुदान, येमेन, अफगाणिस्तान, इराण, मॉरिशस, पूर्व आफ्रिका इथली मुलं पिढ्यान्‌पिढ्या इथे शिकत आली आहेत. फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या आणि वसतिगृहाचं काम पाहणाऱ्या डॉ. शां. ब. मुजुमदार यांना कावीळ झालेला मॉरिशसचा एक विद्यार्थी आणि त्याला खिडकीतून जेवण देणारी एक मुलगी दिसली. त्या प्रसंगाने त्यांना हलवून सोडलं आणि परदेशी विद्यार्थ्यांना जिव्हाळ्याचं ठिकाण असावं म्हणून 1971 मध्ये सिंबायोसिसची सुरुवात झाली. आज तिथे मोठं विद्यापीठ आहे. मूळ निकड मात्र एका आजारी, घरापासून दूर असलेल्या मुलाच्या जेवणाची होती.

आमच्या शेजारच्या इमारतीत सुदानचा एक विद्यार्थी भाड्याने राहतो. एप्रिल 2023 मध्ये तिकडे युद्ध पेटल्यापासून सुट्टीत घरी जाणं त्याला शक्य राहिलेलं नाही. आईवडील कैरोला निघून गेले. एका दिवाळीत तेच त्याच्याकडे पुण्याला आले. मी फराळाचं ताट घेऊन गेले तेव्हा दार त्यानेच उघडलं. आईला त्याने अरबीत एकेक पदार्थ समजावला. चकली मोडून आतली पोकळी दाखवली, अनारसा कसा खातात ते दाखवलं. नंतर सगळे खाली उतरले तेव्हा रिक्षावाल्याशी त्याचं मराठी सुरू झालं, ''काका, मीटरने चला ना, आईला शनिवारवाडा दाखवायचाय.'' भाषा न कळताही आई त्याच्याकडे अशी पाहत होती की मला माझ्या पतीचं एडिंबरोतलं बसणं आठवलं. आपलं मूल परक्या गावात आपल्याला वाट दाखवतंय, हा आनंद खार्टुमच्या आईला आणि कोथरूडच्या बाबांना सारखाच होतो.

मग त्या आनंदाला इथे जागा किती आहे? दिवाळीत पुण्यातल्या खानावळी पाच-सहा दिवस बंद असतात. मराठवाड्यातली, खानदेशातली मुलं एसटीने गावी जातात; परदेशी मुलं ब्रेड आणि मॅगीवर राहतात. बऱ्याच वसतिगृहांत पालकांना रात्री राहू देत नाहीत, आणि घरमालक पाहुण्यांच्या नावाने कुरकुर करतात. यातलं काहीच बदलायला फार पैसा लागत नाही. प्रत्येक मोठ्या महाविद्यालयाने दिवाळीभर एक मेस चालू ठेवावी. आलेल्या पालकांसाठी आवारात दोन-चार खोल्या माफक भाड्याने द्याव्यात. पालक आले आहेत म्हटल्यावर विभागप्रमुखांनी त्यांना चहाला बोलवावं, मुलाचं काम दाखवावं. परदेशातल्या प्राध्यापकांनी आपल्याला असं बोलावलं की आपण वर्षभर सांगत फिरतो. आणि सोसायट्यांनी नियमावलीत पाहुण्यांच्या मुक्कामाचं कलम लिहिताना, आपली मुलगी कुणाच्या देशात भाड्याने राहते आहे, हे लक्षात ठेवून लिहावं.