साहेब नसताना



घरभेटीला गेलो की पगाराबद्दलची तक्रार फारशी ऐकू येत नाही, साहेबाबद्दलची येते. स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशचे काम करणारा असो, अंधेरीच्या ऑफिसात जाणारी मुलगी असो किंवा रुग्णालयातील परिचारिका असो, बोलणे शेवटी एकाच ठिकाणी येते : "काम जमतं फादर, पण विश्वासच ठेवत नाहीत." भाईंदरची गर्दीची गाडी रोज सोसणाऱ्या माणसाला हे सोसत नाही.

कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह अमेरिकेतील आयोवा येथे शाळकरी मुलांच्या गटांवर केलेला प्रयोग १९३९ साली प्रसिद्ध झाला. मुलांना मुखवटे वगैरे बनवायला दिले. एक पुढारी नुसते हुकूम सोडी, दुसरा मुलांना विचारून ठरवी. हुकमाखालची मुले पुढारी खोलीबाहेर गेला की हात आखडत. विचारून चालणाऱ्या गटात काम चालूच राही. २० पैकी १९ मुलांना विचारणारा पुढारी अधिक आवडला. उरलेला एक लष्करी अधिकाऱ्याचा मुलगा होता! त्याला हसू नये. काहींना शिस्तीतच सुरक्षित वाटते.

पण मुलांना त्या कामावर पोट भरायचे नव्हते. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या माळरानावर, कुंडल रोड स्टेशनजवळ, नांगरांचा कारखाना आणि वसाहत उभारली. तेथे त्यांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. आणि रात्रीच्या पहाऱ्यावर कोण नेमले? तुरुंगात शिक्षा भोगून आलेली माणसे. साहेब झोपलेला असतानाचे काम त्यांच्यावर सोपवले.

येथे मला खरा प्रश्न दिसतो. आधी लायकी की आधी विश्वास? बहुतेक साहेब म्हणतात, लायकी दाखव, मग बघू. पण ज्याच्यावर काही सोपवलेच नाही, त्याने ती दाखवावी कुठे? पहिले पाऊल वरच्याने टाकायचे असते, कारण विश्वास चुकला तर तोटा सोसण्याची ताकद त्याच्याकडे असते. खालच्याची तर नोकरीच जाते.

आजकाल व्यवस्थापनाच्या शिबिरांत शिकवतात की खूश कामगार जास्त काम करतो. असेलही. पण विचारपूस ही काम काढून घेण्याची युक्ती असेल, तर ती कामगाराला आठवडाभरात कळते. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असे कांट हा तत्त्वज्ञ सांगतो. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात न्याय्य वेतन आणि विश्रांती कामगाराच्या हक्काची मानली, मालकाची मेहेरबानी नव्हे. नाताळला केक वाटणारा आणि वर्षभर कोणाचे काही न ऐकणारा मायबाप साहेब मला म्हणूनच पुरेसा वाटत नाही.

हे लिहिताना माझीच एक गोष्ट आठवते. प्रमुख धर्मगुरू म्हणून नवखा असताना, दुसऱ्या एका धर्मग्रामात, दहा रुपयांची खरेदीसुद्धा मला विचारल्याशिवाय होत नसे. मी त्याला काटेकोरपणा म्हणत असे. एकदा आजारपणामुळे पंधरा दिवस बाहेर होतो. परत आलो तर वेदीवरच्या मेणबत्त्या संपलेल्या. ऑफिसातील भावाला विचारले. तो शांतपणे म्हणाला, "फादर, तुम्ही सांगितलं नव्हतं."

त्या दिवशी मला त्याचाच राग आला होता.