ओसरलेले पाणी आणि आपला अधिकार

नदीचे पाणी ओसरले म्हणजे मासा पकडणे सोपे होते, हे कोणाही खेडुतास ठाऊक आहे. परंतु जे सोपे झाले ते योग्यही झाले काय, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो विचारण्याजोगा आहे.

सोलापूरच्या आग्नेयेस होटगी हे आगगाडीचे जंक्शन आहे. त्याच्या दक्षिणेस भीमा वाहते व कुडल येथे सीना तिला मिळते. ह्या भागात पावसाचा भर भाद्रपदाच्या आगेमागे असतो. आश्विन-कार्तिक उलटला की नदीचे पात्र आक्रसू लागते. 1980 मध्ये उजनीचे धरण पुरे झाल्यापासून तर उन्हाळ्यातील भीमा बव्हंशी वरून सोडलेल्या पाण्यावरच जगते. धार तुटली की डोह तेवढे उरतात, आणि दूरवर पसरलेले मासे त्या चारदोन डोहांत गोळा होतात. मग पाग टाकणाऱ्या भोयाचे काम सोपे होते, आणि हौसेने गळ टाकून बसणाऱ्या गृहस्थाचेही.

ही अडचण केवळ आपलीच नव्हे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅमन व स्टीलहेड हे मासे शरद ऋतूत समुद्रातून नद्यांत शिरून अंडी घालण्यासाठी वर चढतात; पाणी कमी असेल तर डोहांत खोळंबून पावसाची वाट पाहतात. म्हणून कॅलिफोर्नियातील काही नद्यांवर प्रवाह ठराविक मर्यादेखाली उतरताच मासेमारी बंद ठेवण्याचा नियम आहे. ‘आम्ही मासा धरून पुन्हा सोडून देतो,’ असे हौशी मनुष्य म्हणेल. परंतु कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो; झुंजून थकलेला मासा अशा पाण्यात सोडला तरी वाचेलच, असे नाही. दया दाखविली म्हणजे इजा टळली, असे होत नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, डोह आटणारच असेल, तर त्यातील मासे बगळ्यांनी खावे आणि मनुष्याने का खाऊ नये? आटणाऱ्या डोहापुरता हा युक्तिवाद मला मान्य आहे. परंतु जो डोह उन्हाळाभर टिकतो, त्यातील मासे म्हणजे पुढच्या पावसाळ्याचे बियाणे होत. दुष्काळातही बियाण्याची ज्वारी शक्य तोवर राखून ठेवावी, हे सोलापूरकडील शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. नदीचे बियाणे मात्र कोणा एकाच्या कणगीत नसल्यामुळे ते राखणे हे कोणाचेच काम उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ज्या भोयाचे पोटच नदीवर आहे, त्याने काय करावे? पोटासाठी घेणारा आणि करमणुकीसाठी घेणारा यांस एकाच तराजूत घालणे अन्यायाचे होईल. तथापि गरजेलाही सीमा आहे. सुरुंग उडवून वा विष कालवून मासे मारण्यास 1897 च्या कायद्याने बंदी घातली, ती गरीब-श्रीमंत हा भेद न करता. कारण ह्या रीतीने उद्याच्या भोयाचेही पोट मारले जाते. हौशी गृहस्थाची बाजू तर त्याच्याच तत्त्वाने लंगडी पडते. आयझॅक वॉल्टनने 1653 मध्ये गळाच्या छंदावर ग्रंथ लिहून त्यातील धीर व कौशल्य यांची थोरवी गायिली. परंतु गुडघाभर पाण्यात कोंडलेल्या माशापुढे कौशल्य ते कसले? जेथे प्रतिपक्षास पळण्यास वाट नाही, तेथे खेळ उरत नाही. केवळ बळ उरते.

संयमाची परंपरा आपल्याकडे नाही असे नाही. अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात ठराविक दिवशी मासे मारण्यास व विकण्यास मनाई केली. रायगड जिल्ह्यातील वाळणकोंडात देवीच्या श्रद्धेमुळे माशांना कोणी हात लावीत नाही. एके ठिकाणी राजाज्ञा, दुसरीकडे भक्ती. भीमेच्या बहुतेक डोहांवर मात्र ना राजाची आज्ञा कोरलेली, ना देवीचा पहारा.

पुरात नदी आपल्या माशांचे रक्षण स्वतः करते. तेथे मनुष्याच्या नीतीची परीक्षा होत नाही. ती होते पाणी ओसरल्यावर, जेव्हा घ्यावे की ठेवावे हे सर्वस्वी घेणाऱ्याच्याच हाती असते. म्हणून ज्याची चूल माशावाचून अडत नाही, त्याने टिकाऊ डोहांवरचा आपला गळ मृगाचा पाऊस येऊन धार पुन्हा वाहती होईपर्यंत आवरून ठेवावा, एवढे मागणे फार नव्हे.